ताकातला पाव

आयर्लंड म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना १७ मार्चचे फोटो आठवतात. हिरवे टोप, हिरवे रंगवलेले गाल, मिरवणुका आणि पबबाहेरची गर्दी. सेंट पॅट्रिक्स डेचं हे रूप खरंच आहे, पण ते रस्त्यावरचं. आयरिश घरात त्या दिवशी काय शिजतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझी बायको, नोकरीच्या निमित्तानं २०१६ ते २०१९ कॉर्कमध्ये राहिलो. वरच्या मजल्यावर आम्ही आणि खाली घरमालकीणबाई, त्या वेळी पंचाहत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मला जो सण भेटला, त्याबद्दल आज लिहितो आहे.

आधी गावाबद्दल थोडं. कॉर्क हे आयर्लंड प्रजासत्ताकातलं डब्लिनखालोखालचं मोठं शहर. ली नदीचे दोन फाटे होतात आणि मधल्या बेटावर शहराचा गाभा वसला आहे. तिथून बाहेर पडलात की बहुतेक दिशांना चढण. उत्तरेच्या चढावर शँडन नावाचा भाग आहे. तिथल्या सेंट ॲन चर्चच्या मनोऱ्यावर चार बाजूंना चार घड्याळं आहेत आणि चौघांचं आपसात पटत नाही म्हणून गावानं त्यांना ‘चार तोंडांचा खोटारडा’ असं नाव ठेवलं आहे. या मनोऱ्याच्या पायथ्याशी एके काळी लोण्याचा बाजार भरत असे. १७७० पासून १९२४ पर्यंत तो चालला आणि एकोणिसाव्या शतकात तो जगातला सर्वांत मोठा लोणीबाजार होता. खेड्यापाड्यांतून लाकडी पिंपांत भरलेलं खारवलेलं लोणी इथं यायचं, तपासनीस प्रत उतरवून शिक्का मारायचे आणि मग ते जहाजांतून वेस्ट इंडीजपर्यंत जायचं. आज तिथे लोण्याचं संग्रहालय आहे. लोण्याचं संग्रहालय ही कल्पनाच मला आवडली. पहिल्याच महिन्यात बघून आलो.

खाली बेटावर आहे इंग्लिश मार्केट. १७८८ साली सुरू झालेला हा झाकलेला बाजार अजून जोरात चालू आहे. गोरगरिबांच्या दुसऱ्या बाजाराला आयरिश मार्केट म्हणत, त्यामुळे याचं नाव इंग्लिश पडलं. बर्फावर मांडलेले मासे, चीजची चाकं, पावाचे ढीग. कोंबडीनं अंडं घातल्या घातल्या, ते गरम असतानाच त्याच्यावर लोणी चोळून ठेवतात, ती ‘लोणी लावलेली अंडी’ तिथे मिळतात. कवचाची छिद्रं बुजतात आणि अंडं जास्त दिवस टिकतं. फ्रिज नसतानाची ही युक्ती, पण चव लागते म्हणून लोक अजूनही घेतात.

घरमालकीणबाई सणाची खरेदी याच बाजारातून करत. पिशव्या उचलायला मला बरोबर नेत. कॉर्कमध्ये कुठल्याही वयाच्या पुरुषाला ‘बॉय’ म्हणायची पद्धत आहे. बाई मलाही तसंच म्हणायच्या आणि ऐकायला ते आपल्या ‘अरे बाळा’सारखंच वाटायचं.

आता पावाकडे येऊ. आयरिश सोडा ब्रेडमध्ये चारच जिन्नस असतात: पीठ, मीठ, खाण्याचा सोडा आणि ताक. यीस्ट नाही, अंडं नाही, साखर नाही. १८३०-४० च्या सुमारास खाण्याचा सोडा आयर्लंडमध्ये सहज मिळू लागला आणि बघता बघता हा पाव घरोघरी पोचला. त्याला कारणं होती. आयर्लंडच्या ओलसर, थंड हवेत येणारा गहू मऊ असतो. त्यात प्रथिनं कमी, त्यामुळे यीस्टचा पाव नीट फुगत नाही. सोड्याला मात्र असंच पीठ मानवतं. लोणी काढल्यावर उरलेलं आंबट ताक प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असायचंच. ताकातलं लॅक्टिक ॲसिड आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि पीठ हलकं होतं. चांगलं लोणी शहरात विकायला जायचं आणि ताक घरी उरायचं. त्या उरलेल्या ताकाचा हा पाव.

भट्टीही नसायची. बॅस्टिबल नावाचं तीन पायांचं, सपाट बुडाचं लोखंडी भांडं चुलीच्या आगीवर टांगायचं किंवा निखाऱ्यांत ठेवायचं, त्यात पिठाचा गोळा घालून झाकण लावायचं आणि झाकणावरही निखारे रचायचे. मला हे ऐकताना कोकणातलं धोंडस आठवलं. खालीवर निखारे ठेवूनच ते भाजायचे. आमच्या बडोद्याचा हांडवाही पूर्वी असाच व्हायचा. सातासमुद्रापलीकडच्या बायकांनीही ओव्हन नसण्यावर हाच तोडगा काढला होता.

या पावाचं महत्त्व मला २०१८ च्या मार्चमध्ये नीट कळलं. महिन्याच्या सुरुवातीलाच एमा नावाचं वादळ आलं. आयर्लंडमध्ये एरवी फार बर्फ पडत नाही, पण त्या वेळी रस्ते बंद झाले, शाळा बंद झाल्या आणि दुकानांतून सर्वांत आधी संपला तो पाव. रिकाम्या फळ्यांचे फोटो देशभर फिरत होते. आमच्या खाली मात्र रोज सकाळी पाव भाजल्याचा वास येत होता. “यीस्ट संपलं म्हणून रडायचं कारण काय? घरात सोडा आहे, ताक आहे,” बाई म्हणाल्या आणि अर्धा पाव कापडात गुंडाळून वर दिला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी १७ मार्च आला. शनिवार होता आणि पुन्हा गारठा पडला होता. बाई सकाळी चर्चमधून आल्या तेव्हा कोटावर शॅमरॉकची, म्हणजे तीन पानांच्या बारीक हिरव्या वनस्पतीची, जुडी टाचलेली होती. हा सण ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या व्रतात येतो. त्या काळात कुणी साखर सोडतं, कुणी दारू, कुणी चॉकलेट. पण सेंट पॅट्रिकच्या दिवशी या नियमातून सुटी घ्यायची जुनी रीत आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांना मध्येच अशी अधिकृत सवलत मिळाली तर काय होईल, याची कल्पना करा. बाईंनी साखर सोडली होती. त्यामुळे आठवडाभर आधीच त्यांनी पोर्टर केक करून डब्यात ठेवला होता. काळ्या स्टाउट बिअरमध्ये मनुका, बेदाणे, लोणी आणि ब्राउन साखर उकळून घ्यायची, गार झालं की त्यात पीठ, अंडी आणि मसाला घालून मंद आचेवर भाजायचं. हा केक लगेच कापायचा नाही. तो डब्यात मुरला पाहिजे.

जेवणाचा बेत साधाच होता. मिठात मुरवलेलं डुकराचं मांस उकडायचं, त्याच पाण्यात कोबी शिजवायची, बरोबर उकडलेले बटाटे आणि पार्सली घातलेला पांढरा सॉस. याला बेकन अँड कॅबेज म्हणतात. मी बेकन खात नाही, म्हणून बाईंनी माझ्यासाठी कोबी वेगळ्या पातेल्यात लोण्यावर परतली होती. शिवाय कोलकॅनन होतं. म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यात केल किंवा कोबी, पातीचा कांदा आणि गरम दूध घालून घोटायचं, मध्ये खळगा करून त्यात लोण्याचा मोठा गोळा सोडायचा. घास घ्यायचा तो त्या वितळलेल्या लोण्यात बुडवून. एरवी ते हॅलोविनचं पक्वान्न, पण माझ्यासाठी त्या दिवशीही झालं. टीव्हीवर आयर्लंडनं रग्बीत इंग्लंडला २४-१५ असं हरवून ग्रँड स्लॅम मारला आणि सगळी गल्ली ओरडली. बाईंनी तेवढ्यात पाव ओव्हनमधून काढला.

पावावर खोल फुली मारलेली होती. फुलीमुळे उष्णता मधल्या जाड भागापर्यंत पोचते आणि नंतर चार तुकडे सहज मोडता येतात. बाईंचं स्पष्टीकरण वेगळं होतं: पऱ्यांना बाहेर पडायला वाट ठेवायची असते.

संध्याकाळी पाचला फोन वाजला. बॉस्टनहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा. मार्चमधल्या त्या दोन आठवड्यांत अमेरिकेची घड्याळं पुढे गेलेली असतात आणि आयर्लंडची नाहीत, त्यामुळे अंतर पाचाऐवजी चार तासांचं असतं. दर वर्षी त्यावरून गोंधळ होतो, म्हणून वेळ मी आधीच कागदावर लिहून दिली होती. पहिली पाच मिनिटं तब्येत आणि बर्फ. मग विषय पावावर गेला आणि बाईंचा आवाज चढला.

बहिणीच्या पावात साखर असते, अंडं असतं, मनुका असतात आणि शहाजिरे असतात. अमेरिकेत ‘आयरिश सोडा ब्रेड’ म्हणून बहुधा हाच मिळतो. “त्याला केक म्हण, पाव म्हणू नकोस,” बाई सांगत होत्या. पलीकडून उत्तर आलं की आजी सणाला शहाजिरे घालायची, तू लहान होतीस, तुला आठवत नाही. बाई म्हणाल्या, मी इथंच राहिले, मला जास्त माहीत. त्यावर पलीकडे क्षणभर शांतता. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे ती मलाही ऐकू आली.

थोरली बहीण १९५८ साली एकोणीस वर्षांची असताना कोव्हच्या बंदरातून गेली. कोव्ह कॉर्कपासून रेल्वेनं जेमतेम अर्ध्या तासावर. टेकडीवर उतरत्या रांगेत रंगीत घरं, वर मोठं कॅथेड्रल आणि खाली समुद्र. १८४८ ते १९५० या काळात आयर्लंडमधून साठ लाख माणसं बाहेर गेली, त्यांतली पंचवीस लाख या एका बंदरातून. टायटॅनिकही ११ एप्रिल १९१२ रोजी शेवटची इथंच थांबली होती. धक्क्यावर ॲनी मूर आणि तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचं एलिस बेट स्थलांतरितांसाठी उघडलं, तेव्हा पहिली नोंद या मुलीची झाली.

एवढी माणसं का गेली, याचं उत्तर बटाट्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडची गरीब कुटुंबं जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत होती. १८४५ साली पिकावर करपा पडला आणि पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा पडत राहिला. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसं भूक आणि रोगराईनं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्याच काळात धान्य आणि लोणी जहाजांतून बाहेर जातच होतं. १८४१ च्या जनगणनेत त्या बेटावर ८१ लाखांहून जास्त माणसं होती. उत्तर आयर्लंड धरूनही तो आकडा आजवर पुन्हा गाठलेला नाही. हे वाचल्यावर कोलकॅननमधल्या लोण्याच्या खळग्याकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. लोणी शहरात विकून ताकावर राहिलेल्या माणसांनी सणाच्या दिवशी तरी लोणी आपल्या ताटात वाढून घेतलं.

गेलेल्या माणसांनी सणही बरोबर नेला आणि तिकडे वाढवला. न्यूयॉर्कची सेंट पॅट्रिकची मिरवणूक १७६२ पासूनची. डब्लिनमधली पहिली सरकारी मिरवणूक १९३१ ची. म्हणजे आज आपण ज्याला आयरिश थाट समजतो, त्यातला बराचसा परदेशात राहिलेल्यांनी घडवला. दर मार्चमध्ये आयर्लंडचे पंतप्रधान शॅमरॉकचं भांडं घेऊन व्हाइट हाउसला जातात, तेही या नात्यापोटीच. २०१८ साली ते भांडं घेऊन गेले होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. ही बातमी बाईंनी मला अभिमानानं दाखवली, जणू मीच पाठवला होता त्यांना.

अमेरिकेत या दिवशी कॉर्न्ड बीफ आणि कोबी खातात. त्याची कथाही अशीच. सतराव्या-अठराव्या शतकांत कॉर्क हे खारवलेल्या गोमांसाचं मोठं निर्यातकेंद्र होतं. ‘कॉर्न’ म्हणजे मका नव्हे, धान्याच्या दाण्याएवढे मिठाचे खडे. पण ते मांस ब्रिटिश जहाजांसाठी आणि वसाहतींसाठी. ज्यांच्या गावात ते तयार व्हायचं, त्यांना ते परवडत नसे. त्यांच्या घरी डुक्कर पाळलेलं असायचं. न्यूयॉर्कला गेल्यावर चित्र उलटलं. तिथे हवं तसं बेकन मिळेना. शेजारच्या ज्यू खाटकांकडे खारवलेलं गोमांस स्वस्तात मिळू लागलं. कोबी तीच, बटाटे तेच, पातेल्यातलं मांस तेवढं बदललं. कॉर्कची माणसं हसतात, “हे कसलं आयरिश?” पण ज्या बाईनं पहिल्यांदा परक्या शहरात १७ मार्चला ते पातेलं चुलीवर चढवलं असेल, तिला आपण आयरिश जेवण करतो आहोत याबद्दल काही शंका नसणार.

इथे मला बडोदं आठवलं. आमचं घराणं गायकवाडांच्या चाकरीत तिथे आलं, त्याला पाच-सहा पिढ्या झाल्या. आमच्या आईच्या पुरणात निम्मी तूरडाळ असते. पुण्याचे नातेवाईक आले की कुणीतरी म्हणतंच, “हे पुरण नव्हे, ही तुमची गुजराती वेढमी.” आमची मराठी ऐकूनही हसतात. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. आणि सेव-उसळ? वाटाण्याची उसळ, वर शेव, कांदा, झणझणीत तरी. बडोद्याच्या रस्त्यावर ती खाणाऱ्या कुणालाही विचारा, तो तिला बडोद्याची म्हणेल. उसळ हा शब्द मात्र आपल्या घरातून रस्त्यावर गेला. घर सोडून आलेल्यांचं खाणं बदलतं, कारण पीठ बदलतं, डाळ बदलते, शेजारी बदलतात. त्यात फसवणूक काही नसते. कधी कधी तर गेलेली माणसं एखादी जुनी गोष्ट जपून ठेवतात आणि राहिलेल्यांच्या घरातून ती निघून जाते. शहाजिऱ्याचं तसं झालं असेल का?

त्या वर्षी दुसऱ्याच दिवशी, १८ मार्चला, गुढीपाडवा होता. बाहेर बर्फ भुरभुरत होता. बाईंच्या नातवाकडून हर्ली, म्हणजे त्यांच्या हर्लिंग खेळाची ॲश लाकडाची काठी, मागून आणली. ती झाडूच्या दांड्याला बांधली, वर स्टीलचा पेला पालथा घातला, बायकोची हिरवी साडी नेसवली. कडुनिंब कुठून मिळणार? बाईंच्या परसात तमालपत्रासारखं बे लॉरेलचं झाड होतं, त्याची डहाळी बांधली. श्रीखंडासाठी दही रात्रभर टांगलं होतं. आईला व्हिडिओवर दाखवलं तर ती आधी हसली, मग म्हणाली, “छान झालीये रे. नीट बांध, वाऱ्यानं पडायची.”

बाई श्रीखंड खायला वर आल्या, ते कापडात गुंडाळलेला गरम पाव घेऊनच. मोडला तर आत बारीक काळपट दाणे. तोंडात टाकल्यावर वास ओळखीचा वाटला. शहाजिरे.

“बॉस्टनला कळवू नकोस हं,” त्या म्हणाल्या. “चव बघावी म्हटलं.” मग थोड्या वेळानं, खिडकीतल्या गुढीकडे बघत म्हणाल्या, “आजीच्या घराचा वास असाच होता बहुतेक.”

आम्ही बडोद्याला परतल्यापासून दर १७ मार्चला हा पाव घरी होतो. तुम्हालाही करता येईल. ३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम कणीक, कणीक चाळून उरलेला मूठभर कोंडा, एक सपाट छोटा चमचा खाण्याचा सोडा, तेवढंच मीठ. सोड्याच्या गुठळ्या राहू नयेत म्हणून हे सगळं एकदा चाळून घ्या आणि कोंडा वरून मिसळा. आपली कणीक पोळीसाठीची, चिवट असते. नुसती तीच घेतली तर पाव दडस होतो, म्हणून मैदा जास्त. मध्ये खळगा करून त्यात ३५० ते ४०० मिलिलिटर दाट, चांगलं आंबट ताक घाला आणि बोटं पसरून गोल फिरवत एकत्र करा. मळायचं नाही. पोळीच्या सवयीनं हात आपोआप मळायला लागतो, त्याला आवरा. जेमतेम गोळा झाला की दीड-दोन इंच उंचीचा थापा, खोल फुली मारा आणि लगेच आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवा, कारण सोड्याचं काम ताक पडताक्षणी सुरू होतं. २३० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटं. उलटा करून बुडावर टिचकी मारा. पोकळ आवाज आला की झाला. कवच मऊ हवं असेल तर स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवा आणि लोणी लावून त्याच दिवशी संपवा.

मी पीठ दोन भागांत वाटतो. एकात चमचाभर शहाजिरे घालतो, दुसऱ्यात नाही. लहान पावांना वेळ थोडा कमी लागतो. घरात त्यांना बॉस्टनचा आणि कॉर्कचा अशी नावं पडली आहेत. माझी लेक बॉस्टनचा खाते. आई मात्र कुठलाही भेद करत नाही. गेल्या वर्षी तिनं दोन्हींचे तुकडे केले, वर गरम सेव-उसळ ओतली आणि म्हणाली, “याला आता बडोद्याचा म्हणा.”